धबधबा सीमेपलीकडे, नाले दाराशी

आषाढाचा जोर ओसरून श्रावणसरी सुरू झाल्या, की बोईसर परिसरातील मोटारी आणि भाड्याच्या जीपगाड्या रविवारी पहाटेच उत्तरेची वाट धरतात. कुंभवलीहून निघालेले कुटुंब चिल्हार फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागते, चारोटीपाशी सूर्या नदी ओलांडते, तलासरी मागे टाकते आणि अच्छाडला महाराष्ट्राचा निरोप घेते. जायचे असते डांग जिल्ह्यातील वघईजवळच्या गिरा धबधब्याला. एका बाजूचे अंतरच दोनशे किलोमीटरांच्या घरात. एवढा प्रवास कशासाठी, तर पाणी पाहण्यासाठी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला पाणी पाहण्यासाठी परराज्यात जावेसे वाटते, ही गोष्ट केवळ हौसेची म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

वाटेतली सीमा तशी अलीकडची. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याची अनेक गावे गुजरातेत गेली. ज्या डांगवर मराठी भाषकांनी हक्क सांगितला होता, तो डांगही तिकडेच राहिला. आता अच्छाडपलीकडे पाट्यांवरची लिपी बदलते, आणि दारूबंदीच्या राज्यात शिरणारी गाडी पोलिसांनी तपासली तर प्रवाशाला नवल वाटत नाही. वारली आणि कोकणा वस्त्या मात्र दोन्ही अंगांना आहेत. कुडाच्या भिंती, नाचणीची शेते आणि तारप्याचा सूर यांना राज्य पुनर्रचनेची खबर फारशी लागलेली दिसत नाही.

सीमा न मानणारी आणखी एक गोष्ट या रस्त्यावर भेटते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नाकाला जो दर्प जडलेला असतो, तो महामार्गावर विसरावा तोच वापी येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात वापी देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत दुसऱ्या क्रमांकावर होती. २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनिशी पहिले आले. राज्ये दोन, भाषा दोन, पण रसायनांची बोली एकच!

चिखलीला महामार्ग सोडून वांसद्याकडे वळले, की दृश्य पालटते. सागाचे रान दाट होऊ लागते, बांबूची बेटे रस्त्यावर झुकतात. याच सागासाठी १८४२ मध्ये इंग्रजांनी भिल्ल राजांकडून डांगची जंगले पट्ट्याने घेतली. त्या राजांच्या वंशजांना आजही आहव्याच्या डांग दरबारात, होळीच्या सुमारास, सालाना दिला जातो. वघईच्या पुढे, बांबूच्या वस्तूंची दुकाने मांडून बसलेल्या आदिवासी बायांजवळून खाली उतरले, की अंबिका नदी रुंद कड्यावरून एकदम कोसळताना दिसते. पावसाळ्यातले ते पाणी मातकट असते. तथापि त्याला मातीचाच रंग असतो आणि मातीचाच वास. कुंभवलीच्या मुलाला हेच अपूर्वाईचे वाटत असेल, तर त्यात आश्चर्य ते काय?

विशेष म्हणजे या अंबिकेचा उगम महाराष्ट्रात, नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या डोंगरांत आहे. म्हणजे महाराष्ट्रातून निघालेले पाणी पाहण्यासाठी महाराष्ट्रातली माणसे गुजरातेत जातात. ते पाणी वाहते राहिले याचे श्रेय डांगच्या रानाला आणि त्या रानात राहणाऱ्यांना आहे. पार-तापी-नर्मदा जोड योजनेत डांगच्या खोऱ्यांत धरणे योजली गेली, तेव्हा २०२२ मध्ये हेच गरीब लोक रस्त्यावर उतरले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात गुजरात सरकारला योजना रद्द करीत असल्याचे जाहीर करावे लागले.

इकडे तारापुरात काय घडले? कारखाने वाढत गेले आणि दिवसाला २५ दशलक्ष लिटर क्षमतेचे सामाईक प्रक्रिया केंद्र अपुरे पडले. सांडपाणी नाल्यांतून नवापूर-दांडीच्या खाडीकडे गेले. मासेमारीवर जगणाऱ्या मांगेला समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित लवादाचे दार ठोठवावे लागले, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने उद्योगांवर भरपाई बसविली. कारखान्यांनी हजारो घरांच्या चुली पेटविल्या, हे खरेच. कुंभवलीच्या सहलीचा खर्चही बहुधा कारखान्याच्या पगारातूनच होतो. परंतु ज्या पगारातून मुलाला स्वच्छ पाणी दाखवायचे, त्याच पगारासाठी दाराशी घाण पाणी सोसायचे, हा सौदा कामगाराने कधी मान्य केला होता?

भरपाईचा पैसा सरकारी खात्यात जमा झाल्याने नाला निवळत नाही. प्रत्येक नाल्याच्या पाण्याची तपासणी नियमित व्हावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत, एवढी मागणी तरी अवास्तव नाही. ज्याला आकडा वाचता येतो, त्याला जाब विचारता येतो. शिवाय पालघर जिल्ह्यातच, जव्हारजवळ, लेंडी नदीवरचा दाभोसा सुमारे ३०० फुटांवरून कोसळतो. तिथली वाट सुरक्षित केली आणि स्थानिक आदिवासींच्या हाती चहा-भाकरीचा धंदा दिला, तर अनेकांचा अर्धा प्रवास वाचेल.

तरीही लोक गिराला जातील, आणि जावेही. माणसाने दूरचे पाणी पाहावे. मात्र रात्री उशिरा परतणाऱ्या मुलाने झोपेतच गाडीच्या काचा वर कराव्यात, आणि तेवढ्यावरून बापाला घर जवळ आल्याचे कळावे, ही स्थिती ज्या दिवशी बदलेल, त्या दिवशी ती सहल खरोखर सहल ठरेल.