घर घेण्यापूर्वीची तयारी

बी.डी.डी. चाळीतील १६० चौरस फुटांची खोली, रेल्वे किंवा महापालिकेचे क्वार्टर, नाहीतर दर अकरा महिन्यांनी बदलणारे भाड्याचे घर, अशा ठिकाणी आपल्यापैकी कित्येकांच्या दोन-दोन पिढ्या वाढल्या. आता मुले शिकली, नोकरीला लागली आणि स्वतःच्या घराचा विचार घरोघरी सुरू झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु घरे थोडी आणि घेणारे फार, अशी मुंबई-ठाणे परिसराची स्थिती आहे. म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२३ साली ४,०८२ घरांची सोडत काढली, तेव्हा सुमारे १ लाख २० हजार अर्ज आले. म्हणजे एका घरामागे सरासरी २९ अर्जदार! अशा गर्दीत ज्याची तयारी आधी झालेली असते, त्यालाच संधी साधता येते. ही तयारी कशी करावी, याची थोडक्यात माहिती सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थी मित्रांना द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१) पैशाचा हिशोब

बँक घराची पूर्ण किंमत कर्जाऊ देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मुद्रांक व नोंदणीचा खर्च सहसा या किमतीत धरत नाहीत.

समजा, ठाणे-कल्याण भागात ४० लाखांचे घर घ्यायचे आहे. कर्ज जास्तीत जास्त ३२ लाख मिळेल. स्वतःचे ८ लाख हवेत. त्याशिवाय अधिभार धरून ७ टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क २ लाख ८० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. वकील, दलाली व किरकोळ खर्च मिळवला की हाती १२ लाखांच्या आसपास रक्कम असावी लागते. अनेकांचे गणित चुकते ते इथेच. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरील उदाहरणात ती ४० हजारांची होते. पैसा वाचतो आणि घरातील बाईच्या नावावर मालमत्ताही होते.

३२ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांत फेडायचे, तर महिना सुमारे २८,८०० रुपये हप्ता बसतो. एकूण परतफेड ६९ लाखांवर जाते. हप्ता हाती येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. म्हणजे या घरासाठी कुटुंबाची मिळकत ७२ हजारांच्या घरात हवी. ती नसेल तर लहान घर पाहावे, नाहीतर दोन वर्षे थांबून बचत वाढवावी. यात कमीपणा नाही.

२) कागद तयार ठेवा

पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे व बँकेचे उतारे एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. बँकेकडून कर्जाचे प्राथमिक मंजुरीपत्र आधीच घ्यावे. ते हातात असलेल्या ग्राहकाशी विकणारा मनापासून बोलतो. विद्यार्थी मित्रांनी एक लक्षात ठेवावे. पहिल्या नोकरीत घेतलेल्या मोटारसायकलचा चुकलेला हप्ताही सिबिलच्या नोंदीत दिसतो. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात आणि त्याने पैसे बुडवले, तर डाग तुमच्याही नावाला लागतो.

म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात. मात्र त्यासाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र लागते. शिवाय अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा हवा. जाहिरात आल्यावर धावाधाव करून हे दाखले वेळेत मिळत नाहीत. ते आजच काढावेत. सोडतीसाठी म्हाडाने कोणताही दलाल नेमलेला नाही. 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

३) घाईत इसार देऊ नका

येथे स्वतःचा अनुभव सांगतो. २०१२ साली मी एक घर पाहिले. 'उद्या दुसरी पार्टी येते आहे' असे सांगितल्यामुळे त्याच संध्याकाळी दीड लाख रुपये इसार दिला. पावती साध्या कागदावर घेतली. पुढे बँकेने कर्ज नाकारले, कारण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हते. चौदा महिने खेटे घातल्यावर ९० हजार परत मिळाले. उरलेले गेले ते गेलेच. त्यात पत्नीच्या भिशीचे पैसे होते, याची खंत आजही आहे.

म्हणून जुन्या घराच्या बाबतीत सूची क्रमांक २, आधीचे सर्व करारनामे, भागधारक प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र व सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कागद वकिलाकडून तपासून घ्यावेत. त्याची फी बुडणाऱ्या रकमेपुढे काहीच नाही.

नव्या इमारतीसाठी 'रेरा' कायदा आहे. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून काम करते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक तिच्या संकेतस्थळावर तपासावा. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. भाव नेहमी चटई क्षेत्रावर विचारावा, 'सुपर बिल्ट-अप'वर नव्हे.

४) सोसायटीचे सभासदत्व

आडनाव ऐकून घर नाकारले जाते, हे कटू सत्य आहे. अशा वेळी कायदा माहीत असावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे पात्र व्यक्तीला पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत सोसायटीने निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. म्हणून अर्ज लेखी द्यावा व पोचपावती जपून ठेवावी.

आपल्या सभासदांमध्ये बँकेत, नोंदणी कार्यालयात व वकिली व्यवसायात असणारी मंडळी आहेत. सही करण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणाला तरी कागद दाखवावेत. विचारण्यात लाज नाही. एका कुटुंबाची फसवणूक टळली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.