दस्तरखान आता मोबाइलवर

मगरिबच्या अजानला पाच मिनिटे उरलेली असतात. मुंबईत मोहम्मद अली रोडला लागून असलेल्या मिनारा मशिदीच्या गल्लीत त्या वेळी दोन प्रकारची माणसे दिसतात. एकांच्या हातात खजूर असतो, दुसऱ्यांच्या हातात मोबाइल. पहिल्यांना रोजा सोडायचा असतो, दुसऱ्यांना रील करायचे असते. दोघांनाही त्याच बाकावर जागा हवी असते. दिवसभर हमाली करून आलेला रोजेदार अनेकदा उभ्यानेच पाणी पितो.

रमजानचा हा बाजार नवा नाही. इथले सुलेमान उस्मान मिठाईवाला हे दुकान १९३६ पासूनचे, तर भेंडीबाजारातले नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ चे. त्यांची जाहिरात कढईतल्या मालपुव्याचा वास करी, तव्यावर आपटणारे उलथने करी आणि तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज आटोपून निघालेला माणूस आपल्या शेजाऱ्याजवळ करी. नूर मोहम्मदीत ‘चिकन संजू बाबा’ नावाचा पदार्थ मिळतो, अभिनेता संजय दत्तच्या नावाचा. प्रसिद्ध माणसाचे नाव लावून पदार्थ खपवण्याची युक्ती या मोहल्ल्याला ‘इन्फ्लुएन्सर’ हा शब्द कानावर पडण्याआधीच ठाऊक होती.

२०१६ मध्ये जिओमुळे इंटरनेट स्वस्त झाले, त्याच वर्षी यूपीआय आले. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. मध्ये कोरोनाचे दोन रमजान सुनेसुने गेले. २०२२ मध्ये निर्बंध उठून गल्ली पुन्हा गजबजली, तेव्हा गिऱ्हाईक बदललेले होते. ते बोरिवलीहून, पुण्याहून येते. कोणत्या दुकानात जायचे, काय मागायचे, हे त्याने घरूनच ठरवलेले असते. रस्ता नकाशा दाखवतो. वासाच्या मागे जाणारा माणूस कमी झाला, रीलच्या मागे येणारा वाढला.

यात खाणाऱ्यांचा फायदाच आहे. ज्यांना पूर्वी या गल्लीत पाऊल टाकायला संकोच वाटे, असे कितीतरी बिगरमुस्लिम मराठी तरुण आता घोळक्याने येतात. ही लहान गोष्ट नव्हे. पण कॅमेऱ्याला सगळेच पदार्थ सारखे भावत नाहीत. अर्ध्या मिनिटाच्या रीलला पहिल्या दोन-तीन सेकंदांत नजर पकडावी लागते. तुपात फुगणारा परातीएवढा मालपुवा पकडतो. मातीच्या सकोऱ्यांत ओळीने मांडलेली फिरनी पकडते. खिचडा काय करणार बिचारा? गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास घोटून तो तयार होतो. दिसतो मात्र तपकिरी लापशीसारखा. बोहरी मोहल्ल्यातल्या बारा हंडीचे तेच. पाये, नळी आणि मांसाचे वेगवेगळे भाग रात्रभर मंद आचेवर शिजतात. रात्रभराची आच रीलमध्ये कशी दाखवणार? मग कबाबावर चीजचा लगदा पडतो आणि तार ओढून दाखवली जाते. चीज कोणी खावे याला माझी हरकत नाही. पण पिढ्यानपिढ्या खिचडा घोटणाऱ्या हातांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले, तर ते हात दुसरे काम शोधतील.

शिवाय सगळी रील्स पोट भरल्याच्या आनंदातून निघत नाहीत. काहींच्या मागे पैसे असतात, काहींच्या मागे फुकटचे जेवण. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियामक संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम आणले. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेल्या मजकुरावर तसे स्पष्ट लिहायचे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही अशीच मार्गदर्शिका काढली. रमजानची रील्स पाहताना ही खूण शोधून पाहा. आणि महिनाभरासाठी जागा घेऊन हातगाडी लावणाऱ्याचा विचार करा. त्याच्यापाशी एकोणतीस-तीस रात्री असतात. त्यात जाहिरातीचे पैसे तो कुठून काढणार?

मोबाइलची खरी किमया मला गल्लीपेक्षा घरात दिसते. कुलाब्यात राहणाऱ्या मुनाफ कपाडिया या तरुणाने, गुगलमध्ये नोकरी करता करता, आई नफिसा यांच्या हातचे बोहरी जेवण अनोळखी लोकांना घरी बोलावून वाढायला सुरुवात केली. त्याचे नाव ‘द बोहरी किचन’. बोहरी रिवाजात मोठ्या थाळाभोवती साधारण आठ जण बसतात, जेवण चिमूटभर मिठाने सुरू होते आणि मग गोड-तिखट आळीपाळीने येते. हे चाखायला पूर्वी बोहरी मित्राचे आमंत्रण लागे. इथे सोशल मीडियावरून वार्ता पसरली आणि लोक पैसे मोजून पाहुणे झाले. पुढे मुनाफने नोकरी सोडली आणि त्यावर पुस्तकही लिहिले.

सगळ्यांचे पुस्तक होत नाही. मुंब्रा, मीरा रोड, पुण्याचे कोंढवा, अशा वस्त्यांत कितीतरी बायका व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर उद्याचा बेत टाकतात: समोसे, शामी कबाब, शीरखुर्मा. दुपारपर्यंत ऑर्डर येते, तेवढेच तळायचे, असरनंतर पोर किंवा रिक्षावाला डबे पोचवतो. दुकानाचे भाडे नाही, उरलेले टाकावे लागत नाही, उंबरठा ओलांडावा लागत नाही. अन्नविक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी मात्र लागते, आणि तिथे अनेकींना हात धरून नेणारे कोणी हवे असते. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी रमजानआधी एवढे काम अंगावर घेतले, तरी पुष्कळ होईल.

मोठ्या ॲपवर जावे, तर तिथला हिशेब वेगळा. जेवण नेऊन देणारी ॲप कमिशन कापतात. सवलतीचा भारही पुष्कळदा हॉटेलवाल्यावरच येतो. याच सवलतींविरुद्ध ऑगस्ट २०१९ मध्ये देशभरातल्या कितीतरी हॉटेलांनी टेबल-आरक्षणाच्या ॲपमधून ‘लॉगआउट’ची मोहीम काढली होती. त्या मानाने व्हॉट्सॲपवरच्या आपाला शंभराचे शंभर मिळतात आणि गिऱ्हाईकही तिचेच राहते. ‘आपा, मीठ जरा जास्त झालं’ असे ते तिलाच कळवते, पाच ताऱ्यांपैकी दोन कापून जगाला नव्हे.

यंदा मिनारा मशिदीकडे जाणार असाल, तर शनिवार-रविवार टाळा. मगरिबनंतर तासाभराने पोचा, तोवर रोजेदारांना बाकावर टेकू द्या. नमाजला निघालेल्यांकडे आणि बायकांकडे कॅमेरा वळवू नका. खाण्याचे फोटो हवे तेवढे काढा. मालपुवा दोघा-तिघांत एक पुरतो. खिचडा कुठे चांगला मिळतो, ते मात्र नकाशाला न विचारता फिरनीवाल्याला विचारा. सुटे पैसे नसले तरी काळजी नको, त्याच्या गाडीवर क्यूआर कोड आहे.