दोन नॅनोमीटर राहू द्या, आधी क्षेत्रफळ विचारा

"पुढचा जीपीयू 2 नॅनोमीटरवर आला की किती पळेल?" असं बरेच जण विचारतात. संशोधनात यायचं असेल तर एक गोष्ट आधीच पक्की करा: हा आकडा आता चिपवरच्या कशाचीही मोजलेली लांबी नाही. ते पिढीचं नाव आहे. '3 नॅनोमीटर' म्हणवणाऱ्या प्रक्रियेतही शेजारच्या दोन गेटमधलं अंतर 45 ते 50 नॅनोमीटरच्या घरात असतं.

मला अंदाज बांधायला क्षेत्रफळ जास्त उपयोगी वाटतं. पुण्याच्या सी-डॅकमधल्या 'परम सिद्धी एआय'मध्ये एनव्हिडियाचे ए100 जीपीयू आहेत. 7 नॅनोमीटर पिढी, 5,400 कोटी ट्रान्झिस्टर, 826 चौरस मिलिमीटर. आणि लिथोग्राफीचं यंत्र एका वेळी वेफरवर छापतं 26 × 33, म्हणजे 858 चौरस मिलिमीटर. मोठं व्हायला जागाच उरलेली नाही.

शिवाय मोठी चिप खराब निघण्याची शक्यता जास्त. आपल्या माणमध्ये शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद अंथरतात ना, तसंच. कागद जेवढा मोठा, तेवढी कुठेतरी भोक पडायची भीती मोठी; आणि एका भोकानं सगळं तळं गळतं. दोष कुठेही पडू शकतात असं धरलं, तर निर्दोष चिपचं प्रमाण e^(−AD). A क्षेत्रफळ, D दर चौरस सेंटिमीटरला दोष. उदाहरणापुरतं D = 0.1 घ्या. 8 चौरस सेंटिमीटरची चिप: 45 टक्के. 4 ची: 67 टक्के.

मग दोन छोट्या जोडल्या की झालं? थांबा. 0.67 × 0.67 पुन्हा 0.45 च! फायदा तुकडे करण्यात नाही, जोडण्याआधी प्रत्येक तुकडा तपासून खराब बाजूला काढण्यात आहे. (हे गणित स्वतः एकदा कागदावर करा, वाचून पटत नाही.) दुसरा उपाय ए100 मध्येच आहे: पूर्ण आराखड्यात 128 गणन-विभाग, चालू ठेवतात 108. दोष बंद ठेवलेल्या विभागात गेला तर चिप विकता येते. शेततळ्याला ही सोय नाही.

आता अंदाजाचा भाग. हाय-एनए ईयूव्ही हे पुढचं यंत्र आणखी बारीक रेषा काढतं, पण एका वेळी छापतं 26 × 16.5, म्हणजे निम्मंच. त्यामुळे महत्त्वाचे थर तिथे छापायचे झाले, तर जीपीयू बहुतुकडीच होणार असं मला वाटतं. एनव्हिडियाच्या ब्लॅकवेलनं हे आधीच सुरू केलंय: दोन मोठे तुकडे, मिळून 20,800 कोटी ट्रान्झिस्टर. त्यात टीएसएमसीच्या 5 वरून 3 नॅनोमीटरच्या एन3ई प्रक्रियेवर जाताना एसरॅमचा सेल लहान झालाच नाही, 0.021 चौरस मायक्रॉनवरच राहिला. मग कॅशसाठी महाग नवी प्रक्रिया कशाला? ती जुन्या प्रक्रियेच्या तुकड्यावर सरकेल. म्हणून विषय शोधत असाल तर ट्रान्झिस्टरइतकंच पॅकेजिंगकडे बघा: तुकड्यांमधली जोडणी, एकावर एक रचल्यावर खालच्या तुकड्याची उष्णता बाहेर कशी काढायची, आणि जोडण्याआधीची चाचणी स्वस्त कशी करायची. यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात कमी चर्चेतला वाटतो.