रानातला मुक्काम, गोचीड आणि ताप

पावसाळा ओसरला, की मुळशीच्या डोंगरांत माणसांची ये-जा वाढते. पूर्वी या रानात जाणारे म्हणजे गुराखी, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायाबापड्या आणि भातखाचरांत राबणारे शेतकरी. आता माण-हिंजवडीच्या आयटी पार्कमधील तरुण मंडळीही शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या बाजूला किंवा धरणाच्या काठाला तंबू ठोकून रात्र काढतात. शाळांच्या सहली निघतात, गडांवर मुक्काम होतात. हौस चांगली आहे, ती जरूर करावी. पण रानात जाताना साप-विंचवाची काळजी घेणारा माणूस त्यांच्याहून कितीतरी लहान जिवांकडे दुर्लक्ष करतो. गोचीड आणि तिचाच भाऊबंद असलेला चिगर यांच्या दंशातून येणारे ताप वेळीच ओळखले नाहीत, तर ते जिवावर बेतू शकतात. म्हणून आज त्यांची माहिती घेऊ.

गोचीड चावते कशी?

गोचीड आपल्याला गाईम्हशींच्या आणि कुत्र्यांच्या अंगावर पाहून माहीत असते. ती कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ. ती कोळी आणि विंचू यांच्या वर्गातली. अंड्यातून निघालेले पिल्लू, मधली अवस्था आणि प्रौढ गोचीड अशा तीन अवस्थांतून ती जाते आणि प्रत्येक अवस्थेत तिला रक्त लागते. ती उडत नाही की उडी मारत नाही. गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकाला पुढचे पाय पसरून ती वाट पाहत बसते आणि जवळून जाणाऱ्या जनावराला किंवा माणसाला चिकटते. मग अंगावर चढून नाजूक कातडीची जागा शोधते आणि तोंड आत रुतवते. तिच्या लाळेमुळे दंश सहसा दुखत नाही, म्हणून तो कळतही नाही. मधल्या अवस्थेतली गोचीड तर खसखशीच्या दाण्याएवढी असते. अंगावर तीळ असावा, असे वाटून माणूस तिच्याकडे लक्ष देत नाही.

माकडताप

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना जोराचा ताप येऊ लागला. या रोगाचा विषाणू शोधून काढला तो आपल्या पुण्यातील संस्थेने. १९५२ साली स्थापन झालेले तेव्हाचे विषाणू संशोधन केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. हा विषाणू गोचिडीमार्फत पसरतो, हेही तेथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पुढे हा रोग सह्याद्रीच्या कडेने उत्तरेकडे सरकला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत व रानात वावरणाऱ्या लोकांना त्याचा त्रास झाला. तेथे त्याला माकडताप म्हणतात.

डिसेंबर ते मे हा या तापाचा हंगाम. रोगट गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, डोके व अंग विलक्षण दुखते, उलट्या होतात. काहींच्या नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. यावर रामबाण औषध नाही, मात्र रुग्णालयात वेळेवर दाखल केल्यास बहुतेक रुग्ण वाचतात. हा रोग माणसापासून माणसाला होत नाही. रानात माकड मरून पडलेले दिसल्यास त्याला हात लावू नये. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

चिगर आणि काळी खपली

दुसरा ताप म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूर व विदर्भाच्या इतर भागात त्याची मोठी साथ आली, तेव्हा हे नाव घरोघरी पोहोचले. चिगर म्हणजे एका सूक्ष्म किड्याचे पिल्लू. ते डोळ्यांना जेमतेम दिसते. उंच गवत, झुडपे, शेताचे बांध, उंदरांची बिळे अशा ठिकाणी ते असते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत, म्हणजे नेमक्या तंबूच्या हंगामात, या तापाचे रुग्ण वाढतात.

दंशानंतर सुमारे दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांपर्यंतही, ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. दिसायला हा ताप मलेरिया, डेंग्यू किंवा टायफॉइडसारखाच. पण पुष्कळ रुग्णांच्या अंगावर एक खूण सापडते. चिगर चावलेल्या जागी सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. बहुधा काखेत, जांघेत, कमरेला किंवा स्त्रियांच्या स्तनांखाली असते. त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ता नसतो, आणि संकोचामुळे तो डॉक्टरांनाही दाखवत नाही. या रोगावर डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध उत्तम लागू पडते. बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उपचाराला उशीर झाला, तर मात्र फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदूवर परिणाम होऊन रुग्ण दगावू शकतो. अर्थात हे औषध आपल्या मनाने घेऊ नये. गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टर वेगळे औषध निवडतात.

गोचीड कशी काढावी?

रॉकेल ओतणे, विडीचा चटका देणे, चुना किंवा तेल लावणे हे आपल्याकडचे नेहमीचे उपाय. ते चुकीचे आहेत. डिवचलेली गोचीड आपली लाळ व पोटातील द्रव जखमेत सोडण्याची भीती असते. योग्य रीत अशी: बारीक टोकाच्या चिमट्याने गोचिडीला कातडीच्या अगदी लगत धरावे आणि न पिळता, न झटकता, सावकाश सरळ वर ओढावे. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसला, तर उकरत बसू नये. जागा साबणाने धुऊन जंतुनाशक लावावे. काढलेली गोचीड नखाने चिरडू नये. चिकटपट्टीत गुंडाळून किंवा स्पिरिटमध्ये बुडवून टाकावी. दंशाची तारीख लिहून ठेवावी.

जळवांचे भय लोकांना फार वाटते, पण त्या सहसा रोग पसरवत नाहीत. जळूच्या तोंडाजवळ नख सरकवून तिला सोडवावे आणि जागा धुऊन स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. तिच्या लाळेमुळे रक्त थोडा वेळ वाहते, त्याने घाबरू नये.

मुक्कामाची तयारी

१. तंबू उंच गवतात किंवा गुरांच्या वाटेवर लावू नये. मोकळी, कोरडी जागा निवडावी.

२. गवतावर उघड्या अंगाने बसू-लोळू नये, सतरंजी अंथरावी. कपडे झुडपांवर वाळत घालू नयेत.

३. पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घालावेत, म्हणजे गोचीड चटकन दिसते. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचावेत.

४. उघड्या अंगाला डीईईटी असलेले मलम लावावे. त्याने डासांपासूनही बचाव होतो. डोळे, ओठ व जखमा टाळाव्यात.

५. रानातल्या मोकाट कुत्र्यांना तंबूत घेऊ नये. घरच्या गुरांच्या व कुत्र्यांच्या गोचिडींसाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

६. परतल्यावर साबणाने आंघोळ करावी. कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे नीट पाहावे. मुलांना आईवडिलांनी तपासावे. कपडे कढत पाण्यात धुवावेत.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडची बरीच मुले नोकरी-शिक्षणासाठी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडला जातात. तेथील रान नीटनेटके दिसते, पण गोचिडी तेथेही आहेत. त्यांच्यापासून लाइम रोग होतो. दंशाभोवती लाल चट्टा हळूहळू पसरत जातो, कधी त्याचे कडे बनते. या रोगाचे जंतू अंगात शिरायला सहसा एक दिवस किंवा अधिक वेळ लागतो. म्हणून रोज अंग तपासून गोचीड लगेच काढणे हाच मोठा बचाव. मेंदूला सूज आणणारा दुसरा रोग मात्र दंशानंतर लवकरच जडू शकतो. त्यावर तेथे लस मिळते. रानावनात फिरणार असणाऱ्यांनी ती घ्यावी.

वाचकहो, प्रत्येक गोचीड रोगट नसते, तेव्हा एका दंशाने हबकून जाऊ नका. पण रानातून आल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर तो अंगावर काढू नका. दवाखान्यात गेल्यावर 'मी अमुक दिवशी रानात होतो' हे न विचारता सांगा, आणि अंगावर कुठे काळी खपली असेल तर न लाजता दाखवा. गुराखी, शेतमजूर आणि गवत कापणाऱ्या भगिनींनाही हे समजावून सांगा, कारण हौशी पाहुणा एक रात्र रानात राहतो, त्यांचे सारे दिवस तेथेच जातात. एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांना रोगाची दिशा कळते आणि वेळेवर उपचार मिळून रुग्णाचा जीव वाचू शकतो.