प्लायवूडवरची व्हर्जिनिया सिटी

घरातल्या खोलीत छोटी रेल्वे उभारण्याचा अमेरिकेतला छंद आता नव्वदी ओलांडून गेला आहे. 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ साली मिलवॉकीत निघालं आणि पुढच्याच वर्षी, त्याच शहरात, या छांदिष्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दिवस महामंदीचे होते. रूळ हाताने ठोकायचे, डबे लाकूड-पुठ्ठ्यातून कापायचे, हीच तेव्हाची रीत होती. नंतर पैसा आला, कारखान्यातून तयार गाड्या आल्या. पण कमी जागा आणि कमी पैसे असलेला माणूस पुनःपुन्हा एकाच काळाकडे वळत राहिला. तो काळ म्हणजे १८६० ते १८९० मधला जुना पश्चिम. सिनेमाचं वेड हे त्याचं एक कारण आहेच. मला मात्र दुसरं कारण मोठं वाटतं: ती मूळ रेल्वेच हात राखून बांधलेली होती.

कोलोराडोत जनरल पामर यांनी १८७१ साली डेन्व्हर अँड रिओ ग्रँडची गाडी सुरू केली ती तीन फुटी रुळांवर. रूळ अरुंद असला की वळण आवळून घेता येतं, डोंगर कमी फोडावा लागतो, इंजिनही लहान चालतं. दगडी पुलांऐवजी लाकडी खांबांच्या चौकटींचे पूल उभे राहिले. गावातली दुकानंसुद्धा तशीच. रस्त्याकडून उंच, रुबाबदार फळ्यांची भिंत, आणि तिच्यामागे एक साधी खोपटी. नेवाडात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींपासून कार्सन सिटीपर्यंतचा व्हर्जिनिया अँड ट्रकीचा मार्ग १८७० च्या जानेवारीत पुरा झाला. त्याची लांबी जेमतेम एकवीस मैल. पण त्यातली सगळी वळणं जोडली तर सतरा पूर्ण वर्तुळं होतात, असं सांगतात.

आता हे चार बाय आठ फुटांच्या प्लायवूडवर आणून पाहा. एचओ या १:८७ प्रमाणात अठरा इंच त्रिज्येचं वळण म्हणजे प्रत्यक्षातले अवघे १३० फूट. पंच्याऐंशी फुटी आधुनिक प्रवासी डबा या मापात जवळजवळ बारा इंचांचा होतो आणि अशा वळणावर विचित्र दिसतो. १८७० च्या दशकातली अठ्ठावीस फुटी वाघीण भरते चार इंचांहूनही कमी, आणि ती त्याच वळणावर शोभते. जागेची अडचण इथे अडचण राहतच नाही.

व्हर्जिनिया अँड ट्रकीला उतरती कळा लागल्यावर १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिची काही जुनी इंजिनं हॉलिवूडच्या पॅरामाउंटने घेतली. ती सिनेमात आणि मग टीव्हीवर धावली, आणि ते पाहत मोठ्या झालेल्या मुलांसाठी खेळणीवाल्यांनी आणि मॉडेलवाल्यांनी तशी इंजिनं बाजारात आणली: पुढे चार छोटी चाकं, मागे चार मोठी, वर फुगीर धुराडं. दिसायला देखणी, चालायला नाजूक. बॉयलर इतका सडपातळ की मोटार मावेना. म्हणून कित्येकदा ती मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंधन-पाण्याच्या डब्यात, बसवावी लागली. वजन कमी, वीज घेणारी चाकंही कमी. रुळांवर जरा धूळ साचली की गाडी थबकते. या छंदातला पैसा खरा लागतो तो इथे, आणि इथे तो वाचवू नये.

बाकीचं मात्र दशकांच्या ओघात स्वस्तच होत गेलं, आणि त्याचं श्रेय मी लिन वेस्टकॉट आणि जॉन ॲलन या दोघांना देतो. वेस्टकॉट यांच्या १९५६ मधल्या '१०१ ट्रॅक प्लॅन्स' या पुस्तकाने लहान जागेतही किती तऱ्हांनी रूळ टाकता येतात हे शिकवलं. तारेच्या जाळीवर प्लास्टर थापून केलेले डोंगर जड होत. चुरगळलेल्या वर्तमानपत्रांवर प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी रुमाल पसरून पातळ, कडक कवचाचा डोंगर करण्याची पद्धत वेस्टकॉट यांनी साठच्या दशकात रुजवली. ॲलन हे कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचे छायाचित्रकार. त्यांची १९४६ च्या सुमाराची पहिली मांडणी साधारण साडेतीन बाय साडेसहा फुटांची होती, आणि पुढे तळघरभर पसरलेल्या मांडणीत त्यांनी ती तशीच सामावून घेतली. गंज, काजळी, उन्हाने पिचलेलं लाकूड रंगात उतरवण्याला त्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७३ च्या जानेवारीत ॲलन गेले, आणि काही दिवसांतच ती मांडणी आगीत नष्ट झाली. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

१९६२ साली जर्मनीच्या आर्नोल्डने नऊ मिलिमीटर रुळाची एन गाडी आणली. त्याचा एक सुंदर उपयोग काटकसरी लोकांनी शोधला. एनची स्वस्त चाकं आणि मोटार घ्यायची, वर एचओ मापाचं घरचं इंजिन चढवायचं. नऊ मिलिमीटरची ८७ पट म्हणजे सुमारे अडीच फूट, आपल्या बार्शी लाइटचा रूळ होता तेवढा. अमेरिकन पश्चिमेत तीन फुटी रूळच अधिक होता, हे खरं. पण अर्ध्या फुटाच्या या फरकासाठी मी कुणालाही अडवणार नाही.

आज लेझरने कापलेल्या इमारतींचे तयार संच मिळतात, प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल यंत्रणाही मिळते. संच देखणे असतात, पण महाग. एकच इंजिन फिरणार असेल तर त्या यंत्रणेचीही गरज नाही, साधा डीसी पॉवर पॅक पुरे. कॉफी ढवळायच्या काड्यांना स्पिरिटमध्ये पातळ केलेली काळी शाई लावली की शंभर वर्षांची फळी तयार होते. चाळलेली वाळू आणि पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद यांतून नेवाडाची जमीन होते. गाडीचा रूळ बदलणारे सांधे महाग असतात, म्हणून तीन-चारांतच गाव बसवावं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर आधी एकच चांगलं इंजिन घ्या, ते तुमच्या वळणावर न अडखळता फिरतंय याची खात्री करा, आणि मगच पहिली भिंत कापायला बसा.