विद्यार्थ्याचा लॅपटॉप आणि ऑपरेटिंग सिस्टीमची निवड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर विंडोज ठेवावे, लिनक्स टाकावे की मॅकच घ्यावा, हा प्रश्न बहुधा दोन कारणांनी निघतो. एकतर घरातला जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, नाहीतर कॉलेजातले सीनियर सल्ला देतात. पुष्कळदा लॅपटॉप आधी घेतला जातो आणि अभ्यासक्रमाला कोणती सॉफ्टवेअर लागतात याची चौकशी मागाहून होते. खरे तर सॉफ्टवेअरची यादी आधी, ऑपरेटिंग सिस्टीम त्यानंतर आणि लॅपटॉप सर्वांत शेवटी ठरायला हवा.

जुना लॅपटॉप आता निकामी झाला, हा सध्याचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. प्रोसेसरच्या नावात ‘आय५-७२००यू’ असे असेल, तर आडव्या रेघेनंतरचा ७ हा पिढीचा आकडा. म्हणजे तो लॅपटॉप अटीत बसत नाही. मात्र त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारखे लिनक्स चालते आणि सुरक्षेचे अपडेटही मिळत राहतात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला ते पाच वर्षे मिळतात.

लिनक्स टाकले की जुने यंत्र नव्यासारखे पळते, हे मात्र अर्धेच खरे. मेमरी खाण्यात ब्राउझर पुढे असतो आणि तो लिनक्सवरही तेवढीच खातो. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपला खरा फरक पडतो तो एसएसडी बसवल्यावर आणि रॅम ८ जीबी केल्यावर.

दुसरा गैरसमज असा, की सगळी सॉफ्टवेअर आज सगळीकडे चालतात, निदान तोडीस तोड पर्याय तरी मिळतो. हे शाखेनुसार बदलते. पायथन, आर, मॅटलॅब, ब्लेंडर तिन्ही ठिकाणी चालतात. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट फक्त विंडोजसाठी आहेत. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे, लिनक्ससाठी नाही. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला लागणारे टॅलीप्राइम विंडोजवरच बसवता येते. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर विंडोज आणि मॅकवर चालतात. आयफोनची ॲप लिहिण्यासाठीचे एक्सकोड मॅकखेरीज कुठेही चालत नाही. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे ‘वाइन’ आहे, पण प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्या भरवशावर राहण्यात शहाणपण नाही. यादीतले एकच अनिवार्य सॉफ्टवेअर फक्त विंडोजचे असेल, तर बाकीची दहा कुठे चालतात याला फारसा अर्थ उरत नाही. संगणकावरच्या परीक्षांचेही तसेच. सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज आणि ॲपलच्या उपकरणांसाठी मिळतो, लिनक्ससाठी अधिकृतपणे नाही.

उलट बाजूने, प्रोग्रॅमिंग शिकायचे म्हणजे विंडोज सोडावेच लागते, असेही नाही. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय २०१६ पासून आहे. कमांड, कंपायलर, सर्व्हर यांचा पहिल्या वर्षांतला बहुतेक अभ्यास तिच्यावर भागतो.

लिनक्स ही फक्त जाणकारांची गोष्ट, हा समज केरळमधल्या शाळांनी केव्हाच मोडीत काढला आहे. तिथल्या सरकारी शाळांच्या संगणकांवर ‘काइट’ या राज्य सरकारच्या संस्थेने तयार केलेली उबुंटूवर आधारित प्रणाली वापरली जाते. मराठीतून शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी निवेदनासह मोफत मिळतात. मराठी टायपिंगही अडत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक तिन्ही प्रणालींत आहे. अडचण फॉन्टची येते. मंगल फॉन्टमध्ये केलेला प्रकल्प अहवाल तो फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर उघडला, की दुसरा फॉन्ट बसतो, ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक चुकतात. सादर करायची प्रत पीडीएफ केली की हा घोळ टळतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

यादी झाली की यंत्राकडे वळता येते. लिनक्स कुठल्याही लॅपटॉपवर चालते, हे ढोबळ मानाने खरे. पण अडते ते वायफायची चिप, बोटाचा ठसा वाचणारे सेन्सर आणि एनव्हिडियाचे ग्राफिक्स या ठिकाणी. इंटेलच्या वायफाय चिपना लिनक्सचा आधार चांगला आहे. ठसा वाचणारे सेन्सर मात्र अनेकदा मुकेच राहतात. यावर सोपी परीक्षा आहे. पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. काहीही न बसवता वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड चालतात का आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे दहा मिनिटांत कळते. दुकानदार नव्या लॅपटॉपवर हे सहसा करू देत नाहीत. जुना, वापरलेला घेताना मात्र हट्ट धरावा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपची बॅटरी खूप टिकते, पण जुन्या प्रिंटरचे किंवा प्रयोगशाळेतल्या बोर्डचे ड्रायव्हर त्यावर न चालण्याची शक्यता असते आणि लिनक्ससाठी असे लॅपटॉप अजून सोयीचे नाहीत.

मॅक घेऊ आणि गरज पडली तर त्यावर विंडोज टाकू, हा हिशेब इंटेलच्या मॅकपर्यंत ठीक होता. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले आणि त्यांच्यात विंडोज टाकण्याची बूट कॅम्पची सोय राहिली नाही. आता विंडोज चालते ते आभासी यंत्रात, तेही आर्म आवृत्तीचे. शिवाय या मॅकबुकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. जी घेतली तीच शेवटपर्यंत.

‘डॉस’ किंवा उबुंटूसह विकला जाणारा लॅपटॉप स्वस्त पडतो, हे लिनक्सच वापरणाऱ्यापुरते बरोबर. विंडोज लागणारच असेल तर परवान्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. दुकानात ‘फुकट टाकून देतो’ म्हणतात ते विंडोज बहुतेक वेळा विनापरवाना असते.

लिनक्सला धोका नसतो हेही खरे नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनात मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला होता. अपडेट तिथेही वेळच्या वेळी करावे लागतात.

विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली एकाच लॅपटॉपवर ठेवणे, म्हणजे ड्युअल बूट, हा अनेक विद्यार्थ्यांसाठी व्यवहार्य मार्ग आहे. त्याने विंडोज पुसले जाते ही भीती अतिरंजित असली, तरी अगदीच निराधार नाही: इन्स्टॉल करताना ‘पूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला तर ते खरोखरच जाते. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ ची डिस्क बहुधा आपोआप कूटबद्ध झालेली असते. बूटची मांडणी बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि ती नसेल तर डिस्कवरच्या फाइली उघडता येत नाहीत. ही की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती कागदावर उतरवून आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन मगच विंडोजचे विभाजन लहान करावे. किमान ६० जीबी मोकळी जागा मिळाली, तर उबुंटूचे दैनंदिन काम चालते.