वर्गीय स्तंभ

वर्गीय स्तंभ म्हणजे विदासारणीतील असा स्तंभ, ज्यातील प्रत्येक नोंद ही आधी ठरलेल्या मर्यादित वर्गांपैकी एकाचे नाव असते. जिल्हा, मातृभाषा, रक्तगट, शिक्षणाची पातळी, पिण्याच्या पाण्याचा स्रोत ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. सांख्यिकीय संगणनासाठी वापरल्या जाणाऱ्या आर या भाषेत अशा स्तंभास 'फॅक्टर' म्हणतात, तर पायथन भाषेतील पांडास या संचात 'कॅटेगॉरिकल' म्हणतात. वर्गीय स्तंभ मजकुराच्या स्तंभासारखा दिसतो. परंतु त्याच्यासोबत मान्य वर्गांची एक यादी जोडलेली असते आणि मोजणीत काय दिसेल व काय दिसणार नाही हे पुष्कळदा ती यादीच ठरवते.

रचना

वर्गीय स्तंभ दोन भागांत साठवला जातो: वर्गांच्या नावांची यादी, आणि प्रत्येक ओळीसाठी त्या यादीतील स्थान दर्शवणारा पूर्णांक. आरमध्ये हे पूर्णांक १ पासून सुरू होतात, पांडासमध्ये ० पासून. पांडास गहाळ नोंदीसाठी −१ वापरतो. नाव एकदाच साठवले जात असल्याने मोठ्या सारणीत जागाही वाचते.

पुढील सारणी काल्पनिक आहे. वसई-विरार महानगरपालिका क्षेत्रात, नालासोपाऱ्याच्या पूर्वेस असलेल्या आचोळे व पश्चिमेकडील निळेमोरे येथील पाच कुटुंबांची पाहणी केली, असे समजू.

| कुटुंब | गाव | पिनकोड | पाण्याचा स्रोत | शिक्षण | सदस्य |
|---|---|---|---|---|---|
| १ | आचोळे | ४०१२०९ | नळ | माध्यमिक | ४ |
| २ | आचोळे | ४०१२०९ | टँकर | पदवी | ३ |
| ३ | अचोले | ४०१२०९ | कूपनलिका | प्राथमिक | ६ |
| ४ | निळेमोरे | ४०१२०३ | नळ | पदवी | ५ |
| ५ | आचोळे | ४०१२०९ | टँकर | माध्यमिक | ४ |

या सारणीत 'सदस्य' हा एकच स्तंभ खऱ्या अर्थाने संख्यात्मक आहे. कुटुंब क्रमांक ही केवळ ओळख आहे. उरलेले चार स्तंभ वर्गीय आहेत.

इतिहास

मापनश्रेणींचे नामिक, क्रमिक, अंतराल व गुणोत्तर असे प्रसिद्ध वर्गीकरण स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मांडले. वर्गीय स्तंभ यांपैकी पहिल्या दोन श्रेणींसाठी आहे. बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या एस या भाषेतून ही रचना आरकडे आली. रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात आरची सुरुवात केली.

आरमध्ये विदासारणी तयार करताना मजकुराचा प्रत्येक स्तंभ आपोआप वर्गीय होत असे. या सवयीने अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांना गोंधळात टाकले. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीपासून ती बंद झाली; आता वर्गीय स्तंभ हवा असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. पांडासमध्ये हा प्रकार २०१४ मध्ये ०.१५ या आवृत्तीत आला.

वर्गांची यादी

यादी दिली नाही, तर संगणक ती विदेतूनच तयार करतो. वरील सारणीत पाण्याच्या स्रोतासाठी नळ, टँकर व कूपनलिका एवढेच वर्ग त्याला सापडतील. प्रश्नावलीत विहिरीचा पर्याय होता आणि तो कोणीही निवडला नाही, ही माहिती हरवते. यादीत 'विहीर' आधीच घातली असल्यास मोजणीच्या तक्त्यात तिच्यापुढे ० येतो. 'कोणी निवडले नाही' आणि 'विचारलेच नाही' यांतील फरक टिकवण्याचे हे साधन आहे.

यादी दिली, तर ती कोठून घेतली हा प्रश्न उरतो. २०११ च्या जनगणनेत पिण्याच्या पाण्याच्या मुख्य स्रोतासाठी दहा वर्ग होते: शुद्धीकरण केलेले नळाचे पाणी, शुद्धीकरण न केलेले नळाचे पाणी, झाकलेली विहीर, उघडी विहीर, हातपंप, कूपनलिका, झरा, नदी अथवा कालवा, तलाव अथवा तळे, आणि इतर. त्यांत टँकरला स्वतंत्र स्थान नाही. हीच यादी वरील पाच ओळींना लावली, तर आर कोणतीही सूचना न देता 'टँकर'च्या दोन्ही नोंदी गहाळ ठरवतो. 'नळ'च्या दोन नोंदीही जातात, कारण ते पाणी शुद्ध केलेले आहे की नाही हे विचारलेलेच नव्हते. गहाळ नोंदी दाखवण्याची सूचना न देता 'टेबल' ही आज्ञा चालवल्यास पाच कुटुंबांपैकी एकच मोजले जाते. दोष आज्ञावलीचा नाही. पाहणी आणि यादी यांचे वर्ग जुळत नव्हते. टँकरला 'इतर'मध्ये टाकल्यास बेरीज जुळेल, पण टँकरवर किती कुटुंबे अवलंबून आहेत हे त्या तक्त्यावरून कधीच सांगता येणार नाही. नंतर एकत्र करता येईल असे वर्ग आधी सुटे नोंदवणे म्हणूनच सोयीचे असते. उलट दिशेने जाता येत नाही.

अंकांत लिहिलेले वर्ग

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आहे. त्यात अंक असले तरी तो संख्या नव्हे: ४०१२०३ व ४०१२०९ यांची सरासरी काढता येते, पण तिला अर्थ नसतो. जनगणनेचे संकेतांकही असेच. २०११ मध्ये महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि ठाणे जिल्ह्याचा ५१७ होता. असा स्तंभ संख्या म्हणून समाश्रयण प्रतिमानात घातला, तर ५१८ संकेतांकाचे मुंबई उपनगर ठाण्यापेक्षा कशाने तरी 'एकने जास्त' आहे असे गृहीत धरले जाते. वर्गीय म्हणून घातल्यास प्रत्येक जिल्ह्याचा परिणाम एका आधारभूत जिल्ह्याच्या तुलनेत वेगळा मोजला जातो.

उलट चूकही घडते. वर्गीय झालेला पिनकोडचा स्तंभ आरमध्ये थेट संख्येत बदलल्यास ४०१२०३ च्या जागी १ व ४०१२०९ च्या जागी २ येतात, म्हणजे आतले संकेतांक बाहेर पडतात. मूळ अंक हवे असल्यास आधी मजकुरात व मग संख्येत रूपांतर करावे लागते.

क्रम आणि देवनागरी

क्रम सांगितला नाही, तर वर्ग अक्षरक्रमाने लावले जातात. 'प्राथमिक, माध्यमिक, पदवी' हा शिक्षणाचा क्रम मग 'पदवी, प्राथमिक, माध्यमिक' असा होतो आणि आलेखात पदवीधर सर्वांत खाली जातात. क्रमिक स्तंभासाठी यादी चढत्या क्रमाने लिहून तो क्रमिक असल्याचे वेगळे सांगावे लागते. आरमध्ये आधीच्या यादीवर नुसती नवी यादी लिहिली, तर क्रम बदलत नाही, नावांची अदलाबदल होते. पदवीधराला प्राथमिकचे लेबल लागते आणि तक्ता मात्र व्यवस्थित दिसत राहतो.

मराठी नावांच्या बाबतीत अक्षरक्रमही सरळ नाही. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या लगेच नंतर येते, तर मराठी वर्णमालेत ते ह च्या नंतर. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील कोळगाव व कोहोज ही नावे केवळ युनिकोडप्रमाणे लावल्यास कोळगाव आधी येते, मराठी क्रमाने कोहोज.

लेखनभेद

सारणीतील तिसऱ्या ओळीत 'अचोले' आहे. हिंदी वळणाने लिहिताना ळ चा ल होणे नेहमीचे असले, तरी संगणकासाठी ते दुसरे गाव ठरते आणि आचोळ्याची कुटुंबे चाराऐवजी तीन भरतात. असा फरक निदान डोळ्यांना दिसतो. 'झऱ्याचे पाणी' या वर्गातील ऱ मात्र एका संकेतांकाने किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण वर्ग दोन. युनिकोडच्या सामान्यीकरणाने हा भेद नाहीसा होतो. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा वेगळी काढून टाकावी लागते.

काळानुसार बदलणारे वर्ग

नाव बदलले की फक्त यादीतील नाव बदलावे लागते. उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा ओळींतील पूर्णांकांना हात लावण्याची गरज नव्हती. विभाजनात तसे होत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि महाराष्ट्रातील जिल्ह्यांची संख्या ३५ वरून ३६ झाली. आचोळे २०११ च्या जनगणनेच्या सारणीत 'ठाणे' या वर्गात आहे, २०१४ नंतरच्या सारण्यांत 'पालघर' या वर्गात. दोन्ही सारण्या जिल्ह्याच्या नावाने जोडल्यास ठाण्याची लोकसंख्या एकाएकी घटल्यासारखी दिसते आणि पालघरला भूतकाळच नसतो.

यावरचा मार्ग तालुक्यातून जातो. जुन्या ठाणे जिल्ह्यातील १५ तालुक्यांपैकी वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा व विक्रमगड हे ८ पालघरकडे गेले. ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर व अंबरनाथ हे ७ ठाण्यात राहिले. जुन्या सारणीत तालुक्याचा स्तंभ असेल, तर त्यावरून आजचा जिल्हा लावता येतो. तो नसेल, तर तुलनेसाठी नवीन सारणीतील ठाणे व पालघर यांना पुन्हा एका वर्गात आणावे लागते.